नवी एसएसडी संगणकाला दिसत नाही, तेव्हा

नवी एसएसडी (हार्ड डिस्कचे काम करणारे वेगवान साठवण-साधन) बसवली, झाकण लावले, संगणक सुरू केला आणि ‘धिस पीसी’मध्ये पूर्वीचा सी ड्राइव्ह तेवढा दिसला, की बहुतेक जण ‘माल खराब निघाला’ असे म्हणून दुकानाची पावती शोधू लागतात. सीलबंद डब्यातली एसएसडी निकामी निघू शकते, नाही असे नाही. पण ‘दिसत नाही’ म्हणून ज्या एसएसडी आजवर माझ्या हाती आल्या, त्यांतल्या बहुतेक धडधाकट होत्या. कोणी ती फॉरमॅटच केलेली नव्हती, कोणी मेळ न बसणाऱ्या स्लॉटमध्ये बसवली होती, तर एका संगणकात तिचे टोक स्लॉटमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर कमी गेले होते.

म्हणून सर्वांत आधी एक गोष्ट नक्की करावी: एसएसडी नेमकी कोणाला दिसत नाही? मदरबोर्डवरच्या बायोसलाच, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होऊन जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमलाच, दिसत नाही, की बायोसला दिसते आणि विंडोजला दिसत नाही? (नव्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात आणि येथेही तोच शब्द वापरला आहे.) पहिल्या प्रकारात दोष जोडणीत किंवा स्लॉट आणि एसएसडी यांचा मेळ न बसण्यात असतो, त्यामुळे विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी ती वाया जाते. दुसऱ्या प्रकारात एसएसडी जागेवर नीट बसलेली असते, आणि अशा वेळी पेचकस हातात घेऊन सगळे पुन्हा उघडणे म्हणजे नसता उद्योग.

पहिली पायरी: बायोसमध्ये डोकावणे

संगणक सुरू होताच ठरावीक कळ पुन्हा पुन्हा दाबली की बायोस उघडतो. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ती बहुधा ‘डिलीट’ असते, डेल, एसर आणि असूसच्या लॅपटॉपवर एफ२, तर एचपीवर एफ१०. कळ दाबूनही थेट विंडोजच सुरू होत असेल, तर विंडोजमध्ये शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ या वाटेने जावे.

बायोस उघडल्यावर नवखा माणूस हमखास ‘बूट’च्या यादीत एसएसडी शोधतो आणि येथेच फसतो. नव्या बायोसमधली ती यादी ज्यांच्यावरून संगणक सुरू होऊ शकतो अशांची असते. कोऱ्या एसएसडीवर सुरू करण्यासारखे काहीच नसल्यामुळे तिचे नाव तेथे नसणे हे अगदी स्वाभाविक आहे. पाहायचे असते ते ‘स्टोरेज’, ‘साटा कॉन्फिगरेशन’, ‘एनव्हीएमई कॉन्फिगरेशन’ किंवा ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ अशा नावाच्या पानावर. तेथे एसएसडीचा मॉडेल क्रमांक आणि क्षमता दिसली, तर जोडणीची काळजी सोडून द्यावी. दोन-तीन पाने चाळूनही तिचा मागमूस नसेल, तर पुढचे विंडोजचे दोन्ही भाग सोडून थेट ‘बायोसलाच दिसत नाही’ या भागाकडे वळावे.

बायोसला दिसते, विंडोजला नाही

कारखान्यातून आलेली एसएसडी बहुधा पूर्ण कोरी असते. प्लॉट न पाडलेल्या जमिनीला नगरपालिका घरक्रमांक देत नाही, तसेच पार्टिशन नसलेल्या डिस्कला विंडोज डी किंवा ई असे अक्षर देत नाही, आणि अक्षर नाही म्हणून ती ‘धिस पीसी’मध्ये येत नाही. हे काम आपल्याला एकदाच करून द्यावे लागते.

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. कोरी डिस्क सापडल्यास बहुधा ‘इनिशिअलाइज डिस्क’ अशी चौकट आपोआप समोर येते आणि एमबीआर की जीपीटी (डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती) असे विचारते. जीपीटी निवडावे. एमबीआर ही पद्धत १९८३ सालची आहे. तिच्यात नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने सुमारे २ टीबीच्या पलीकडची जागा मोजताच येत नाही आणि प्राथमिक पार्टिशन चारच करता येतात. शिवाय विंडोज ११ पुढेमागे याच एसएसडीवर टाकायचे असेल, तर त्याला यूईएफआय लागते आणि यूईएफआयला जीपीटी. चौकट चुकून बंद केली असेल, तर खालच्या भागात डावीकडे ‘डिस्क १’ अशा करड्या ठोकळ्यावर राइट क्लिक केल्यास तोच पर्याय मिळतो.

त्यानंतर उजवीकडे काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेली मोकळी जागा दिसते. तिच्यावर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे, आकार आणि अक्षर विंडोजने सुचवलेलेच ठेवावे, फाइल सिस्टिम एनटीएफएस असू द्यावी, ‘क्विक फॉरमॅट’वर खूण राहू द्यावी आणि शेवटचे बटण दाबावे. काही सेकंदांत काळी पट्टी निळी होते आणि नवा ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये दिसू लागतो. अनेकांची तक्रार येथेच संपते.

मात्र कुठलेही बटण दाबण्यापूर्वी आपण कोणत्या डिस्कवर आहोत हे आकारावरून तपासावे, कारण ‘डिस्क ०’ म्हणजे जुनी आणि ‘डिस्क १’ म्हणजे नवी असा नियम नाही. काही संगणकांत नव्या एसएसडीलाच शून्य क्रमांक मिळतो. आकार तपासताना १ टीबीच्या एसएसडीसमोर ९३१ जीबी आणि ५०० जीबीच्या एसएसडीसमोर ४६५ जीबी दिसल्यास कोणी लुबाडले असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

एसएसडी पूर्वी कोणी वापरलेली असेल किंवा जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घेतली असेल, तर चित्र थोडे वेगळे दिसते. निळी पट्टी आहे पण अक्षर नाही, असे असेल तर पट्टीवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून अक्षर द्यावे. ठोकळ्यावर ‘ऑफलाइन’ लिहिलेले असेल, तर बहुधा नकलेची आणि मूळ डिस्कची ओळखखूण एकच असल्याने विंडोजने एकीला बाजूला ठेवलेले असते. अशा वेळी ठोकळ्यावर राइट क्लिक करून तिला ‘ऑनलाइन’ करता येते. तेव्हा विंडोज तिला नवी ओळखखूण देते. पण तीच नक्कल बूटसाठी वापरायची असेल तर तसे करू नये, संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि फक्त नवी लावून सुरू करून पाहावे.

अशा वेळी बरेच जण ‘डिस्कपार्ट’ (आज्ञा टाइप करून चालवायचे विंडोजचे डिस्क-साधन) उघडून ‘क्लीन’ ही आज्ञा द्यायला सांगतात. आज्ञा उपयोगाची आहे, पण ती ‘खरेच का?’ असे विचारत नाही. डिस्कचा क्रमांक चुकला तर घरच्या फोटोंची डिस्क एका क्षणात कोरी दिसू लागते. कोऱ्या एसएसडीसाठी तिची गरजच पडत नाही. वापरलेल्या एसएसडीसाठी ती वापरायचीच असेल, तर बाकीच्या डिस्क आधी काढून ठेवाव्यात.

विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नाही

हा प्रसंग वेगळा आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर तो वारंवार येतो. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घ्यावे आणि जागा निवडण्याच्या पानावर यादी कोरीच असावी, तरी बायोसमध्ये मात्र एसएसडी ठळक दिसत असावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांमध्ये व्हीएमडी नावाची सोय सुरू असते. ती एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीला (साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक पुढे येतोच) आपल्या पडद्याआड घेते, आणि त्या पडद्यामागे पाहण्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसेल तर त्याला काहीच दिसत नाही.

सरळ उपाय म्हणजे दुसऱ्या संगणकावर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवून घेणे, तो पेनड्राइव्हवर ठेवणे आणि त्याच पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवणे. येथे एक बारकावा आहे: इन्स्टॉलरला उघडून मोकळे केलेले फोल्डर लागते, ज्यात आयएनएफ प्रकारची फाइल असते. उतरवलेली एकच सेटअप फाइल तशीच ठेवली, तर पुन्हा ‘ड्रायव्हर सापडला नाही’ असेच उत्तर मिळते.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा आहे. लॅपटॉप पूर्ण नव्याने उभा करायचा असेल तर त्यात काही वावगे नाही, पण आधीचे विंडोज ज्या डिस्कवर चालू आहे तिच्यासाठी हे बटण दाबल्यास निळा पडदा आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश दिसू शकतो. घाबरण्याचे कारण नाही. बायोसमध्ये जाऊन ते पूर्ववत सुरू केले की जुने विंडोज पुन्हा चालू लागते. बायोसमधल्या ‘रेड’ आणि ‘एएचसीआय’ या साठवणीच्या दोन पर्यायांतल्या बदलालाही हीच सावधगिरी लागू आहे.

बायोसलाच दिसत नाही

आता झाकण उघडायचे. विंडोजमधून शिफ्टची कळ धरून ‘शट डाउन’ करावे, म्हणजे संगणक अर्धवट झोपेत न जाता पूर्ण बंद होतो. डेस्कटॉप असल्यास एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागचे बटण बंद करून वायर काढावी आणि पॉवरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढावा आणि झाकण उघडल्यावर इतर कशालाही हात लावण्यापूर्वी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावला की अंगावरचा स्थिर विद्युतभारही निघून जातो.

सध्या बहुतेक नव्या एसएसडी एम.२ प्रकारच्या, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या असतात. त्यांच्यावर २२८० असा आकडा असतो, त्याचा अर्थ रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्याही मिळतात. पट्टी साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवायची असते, आडवी दाबून नव्हे. ती पूर्ण आत गेली की सोनेरी दातांची जेमतेम एखादी बारीक रेघ बाहेर राहते; दात ठळकपणे मोजता येत असतील तर ती अजून आत जायची आहे. मग हात सोडला की तिचे मोकळे टोक स्प्रिंगसारखे वर उचलले जाते, आणि ते खाली दाबून स्क्रू लावायचा. टोक उचललेलेच राहू दिले तर काही दात टेकतात, काही टेकत नाहीत, आणि मग ती एकदा दिसते, एकदा दिसत नाही.

स्क्रू ज्या पितळी खुंटीत जातो ती खुंटी पट्टीच्या लांबीप्रमाणे योग्य भोकात आहे ना, हेही पाहावे. एका डेस्कटॉपमध्ये खुंटी २२४२ च्या भोकात होती आणि २२८० ची पट्टी तिच्यावरून कमानीसारखी वाकवून टोकाला चिकटपट्टी लावलेली होती. ती एसएसडी तगली, हे तिच्या मालकाचे नशीब.

पट्टी नीट बसूनही दिसत नसेल, तर संशयाची सुई मेळाकडे वळते. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्याच आकारात दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या एसएसडी मिळतात: एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई. साटाचा वेग सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो, तर एनव्हीएमई थेट पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने जाते आणि तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर (लेन म्हणजे डेटा जाण्याची वाट) साधारण ३५०० मेगाबाइटपर्यंत पोहोचते. काही स्लॉटना दोन्ही भाषा येतात, काहींना एकच. स्लॉटला न येणारी भाषा बोलणारी पट्टी त्यात सहज बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये मात्र शुकशुकाट असतो.

माझ्या भाच्याच्या जुन्या लॅपटॉपबाबत नेमके हेच झाले. हार्ड डिस्कच्या संथपणाला कंटाळून त्याने मोकळ्या एम.२ स्लॉटसाठी चांगली एनव्हीएमई एसएसडी आणली. दुकानदाराने ‘सगळ्याला चालते’ म्हणून ठोकून दिले होते. दोन संध्याकाळी त्याने पट्टी काढली, पुसली, बसवली, तिसऱ्या दिवशी बायोस अपडेटही करून झाला, आणि मग ‘मामा, ही मेलेलीच आहे’ असा फोन आला. लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर एकच ओळ होती: एम.२ स्लॉट, फक्त साटा. ती पट्टी माझ्या डेस्कटॉपमध्ये लावली तर पहिल्या फटक्यात दिसली. दुकानातून बदलून आणलेली एम.२ साटा एसएसडी त्याच्या लॅपटॉपमध्ये त्याच संध्याकाळी चालू झाली.

पट्टीच्या दातांमधल्या खाचांवरून थोडा अंदाज येतो. एम.२ साटाला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक. मात्र दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघालेल्या आहेत, त्यामुळे खाचेवर विसंबण्यापेक्षा लेबल वाचावे आणि स्लॉटची माहिती आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच पाहावी. तेच मॅन्युअल आणखी एका कारणासाठी उघडावे लागते: अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट आणि एखाद-दुसरे साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात, त्यामुळे एम.२ मध्ये पट्टी लावली की ते पोर्ट बंद पडते. मग नवी एसएसडी दिसते आणि जुनी हार्ड डिस्क गायब होते, किंवा साटा पोर्टवर लावलेली नवी एसएसडीच दिसत नाही. अशा वेळी केबल दुसऱ्या पोर्टवर हलवली की काम होते.

डेस्कटॉपवर प्रोसेसरचाही प्रश्न असतो. प्रोसेसरशी थेट जोडलेला पहिला एम.२ स्लॉट प्रोसेसर साथ देईल तरच चालतो. बी५६० किंवा झेड५९० चिपसेटच्या मदरबोर्डवर इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर बसतो आणि उत्तम चालतोही, पण त्याच्याकडे त्या स्लॉटसाठीच्या चार जादा लेन नसतात, म्हणून तो स्लॉट मेल्यासारखा पडून राहतो. अकराव्या पिढीचा प्रोसेसर लावल्यावरच त्यात जीव येतो. पट्टी खालच्या स्लॉटमध्ये लावली की दिसते.

अडीच इंची साटा एसएसडीचा मामला पुष्कळ सोपा आहे. तिला दोन जोडण्या लागतात, ७ पिनांची डेटाची आणि १५ पिनांची पॉवरची. नवख्या माणसाकडून पॉवरची राहून जाते. दोन्ही असतील तर डेटाची केबल बदलून पाहावी, कारण जुन्या, कडक वळवलेल्या केबलींचे आतले तार तुटलेले बाहेरून कळत नाहीत. एखाद्या चालू डिस्कची केबल आणि पोर्ट तात्पुरते नव्या एसएसडीला दिले, तर दोष कोणाचा ते पाच मिनिटांत कळते.

जुन्या संगणकात एनव्हीएमई बसवणाऱ्यांनी अपेक्षा थोड्या आवराव्यात. एनव्हीएमईचे पहिले मानक मार्च २०११ मध्ये आले, त्यामुळे त्या सुमाराच्या मदरबोर्डना एनव्हीएमईवरून बूट होता येत नाही; पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या अडॅप्टरवर लावल्यास विंडोज १० ती डेटासाठी वापरू देते, पण सुरुवात जुन्या साटा डिस्कवरूनच करावी लागते. विंडोज ७ मध्ये तर एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळातच नव्हता. मधल्या काळातल्या मदरबोर्डसाठी उत्पादकाने नंतर बायोस अपडेटमध्ये ही सोय दिलेली असू शकते. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, तेव्हा डेस्कटॉपसाठी यूपीएस आणि लॅपटॉपसाठी चार्जर लावलेला हवाच, आणि भारनियमनाच्या वेळी तर हे काम काढूच नये.

तरीही दिसली नाही तर

शेवटची कसोटी म्हणजे एसएसडी दुसऱ्या संगणकावर पाहणे. दुसरा डेस्कटॉप हाताशी नसेल तर यूएसबीचे एन्क्लोजर (एसएसडी आत बसवून यूएसबीने जोडण्याची डबी) वापरता येते, पण साटाचे एन्क्लोजर एनव्हीएमईला चालत नाही आणि एनव्हीएमईचे साटाला. दोन्ही चालणारे हवे असेल तर आत रिअलटेकची आरटीएल९२१०बी चिप असलेले पाहून घ्यावे. मॅकवर पाहत असाल तर ‘डिस्क युटिलिटी’च्या ‘व्ह्यू’ यादीतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडावे, नाहीतर कोरी डिस्क तेथेही दडून राहते.

मेळ बसणाऱ्या दोन वेगवेगळ्या संगणकांत, वेगवेगळ्या स्लॉटमध्ये किंवा केबलवर ती दिसली नाही, म्हणजे मग पावती शोधावी. परत देण्यापूर्वी लेबलाचा फोटो काढून घ्यावा, कारण वॉरंटी त्यावरच्या सिरियल नंबरवर चालते. आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावताना ते लेबल सोलून काढले असेल, तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.